तुरुंगातली गर्दी आणि कोर्टातली तारीख

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता जेमतेम हजाराच्या आत आहे आणि तिथे कित्येक वर्षं अधूनमधून तीन-तीन हजार माणसं कोंबलेली असतात. ही बातमी ठरावीक काळाने येते. मग कुणीतरी नव्या तुरुंगाची घोषणा करतं, कुणी म्हणतं गुन्हे फार वाढलेत, कुणी म्हणतं कैद्यांना कसली आलीय जागा. पुढच्या बातमीपर्यंत सगळं शांत.

गेल्या काही वर्षांत यात एक नवा शब्द येऊन मिसळला: कलम ४७९. जुलै २०२४ मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातलं हे कलम. निकालाविना ठरावीक काळ आत काढलेल्या माणसाला जामिनावर सोडा, असं ते सांगतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू आहे. त्यामुळे ‘हजारो कैदी सुटणार’ अशा मथळ्यांनी बऱ्याच जणांना धडकी भरली आणि बऱ्याच जणांच्या आशा वाढल्या. प्रत्यक्षात दोन्ही अंदाज थोडे चुकलेच. का, ते समजायला आधी गर्दी म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल.

१३१ टक्के म्हणजे किती

देशातल्या तुरुंगांची आकडेवारी दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, प्रसिद्ध करतो. २०२२ च्या शेवटी देशातल्या १,३३० तुरुंगांमध्ये मिळून जागा होती ४,३६,२६६ जणांची, आणि आत होते ५,७३,२२०. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस.

ऐकायला हे फार भयंकर वाटत नाही. लोकलच्या डब्यात याहून जास्त माणसं असतात. पण लोकलमधून तासाभरात उतरता येतं. आणि सरासरी हा आकडा तसा लबाड असतो. खुली कारागृहं (जिथे कैद्यांना कडक पहाऱ्याविना विश्वासावर ठेवतात) आणि स्त्रियांसाठीचे स्वतंत्र तुरुंग यांत जागा रिकामी राहते, आणि जिल्हा कारागृहं ओसंडून वाहतात. शहरांतल्या तुरुंगांत तर एकाच्या जागेत दोन किंवा तीन माणसं हे नेहमीचं चित्र.

बराकीत प्रत्येक कैद्याला सुमारे ४० चौरस फूट जागा मिळावी, असं आदर्श कारागृह नियमावली सांगते. त्यात तीन माणसं घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा चौरस फूट येतात. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अंथरूण धरलं तरी पंधरा होतात. म्हणजे उताणं झोपायचं सुख संपलं. संडास तेवढेच, नळ तेवढेच, डॉक्टर तेवढेच. खरूज आणि क्षय यांना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, आणि आतला क्षय भिंतीच्या आत राहत नाही. शिपाई, वकील, मुलाखतीला येणारी बायकामुलं आणि सुटून घरी जाणारा माणूस यांच्याबरोबर तो बाहेर पडतो.

आत आहेत तरी कोण

या पावणेसहा लाखांत शिक्षा भोगणारे किती असतील? सव्वा लाखाच्या थोडे वर. बाकीचे जवळजवळ सगळे, नेमकं सांगायचं तर ४,३४,३०२, कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे पण निकाल लागलेला नाही असा माणूस. सरकारी कागदांत त्याला ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. चारांपैकी तीन कैदी असे आहेत. त्यांच्यातले काही दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. आज मात्र कायद्याच्या नजरेत सगळेच निर्दोष आहेत. त्यांच्यातल्या ११ हजारांहून अधिक लोकांनी निकालाविना पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत काढला होता.

‘कैद्यांना कसली जागा?’ असं विचारणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं की तो बहुतेक करून ज्यांचा न्याय अजून झालेलाच नाही अशांबद्दल बोलतो आहे. शिवाय एकूण कैद्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक दहावीपर्यंतही शिकलेले नाहीत. ही गोष्ट पुढे जामिनाचा विषय निघाल्यावर महत्त्वाची ठरेल.

आता ‘गुन्हे वाढले म्हणून गर्दी वाढली’ या समजुतीकडे येऊ. २०१७ मध्ये देशात ४,५०,६९६ कैदी होते, २०२२ मध्ये ५,७३,२२०. पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास भर पडली. याच काळात शिक्षा झालेल्या कैद्यांची संख्या मात्र १,३९,१४९ वरून १,३३,४१५ वर उतरली. कच्चे कैदी ३,०८,७१८ वरून ४,३४,३०२ झाले. वाढलेली सगळीच्या सगळी गर्दी निकालाची वाट पाहणाऱ्यांची आहे. गुन्हेगार पकडले, दोषी ठरले, म्हणून तुरुंग भरले असं झालेलं नाही.

गर्दीचं साधं गणित

एसटी स्टँडवर गर्दी दोन कारणांनी होते. एक तर प्रवासी जास्त आले, किंवा गाड्या वेळेवर सुटल्या नाहीत. प्रवासी रोज तेवढेच येत असले आणि गाडी दुप्पट उशिरा लागू लागली, तर शेडमध्ये उभे असणारे लोक दुप्पट होतात. गावात अचानक माणसं वाढली असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढत नाही. शेड मोठी बांधली तर चार दिवस बरं वाटतं, पण गाडी तेवढ्याच उशिरा येते.

तुरुंगाचंही तसंच आहे. समजा एका तुरुंगात रोज शंभर माणसं येतात आणि प्रत्येक जण सरासरी साठ दिवस राहतो. आत कायम सहा हजार असतील. मुक्काम नव्वद दिवसांवर गेला की नऊ हजार. गुन्हा एकही वाढलेला नाही. म्हणजे गर्दी ठरते दोन गोष्टींवर: किती जण आत येतात आणि आत आलेला माणूस किती दिवस राहतो. गर्दी कमी करण्याचं प्रत्येक धोरण या दोनांपैकी कशाला तरी हात घालतं. तसं नसेल तर ते निव्वळ बांधकाम असतं.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. त्या समित्यांनी हजारो कैदी तात्पुरते सोडले, एकट्या महाराष्ट्रात दहा हजारांच्या आसपास. तरीही २०२० च्या अखेरीस देशातल्या कच्च्या कैद्यांची संख्या २०१९ पेक्षा सुमारे चाळीस हजारांनी जास्त भरली. कोर्टांचं काम जवळजवळ थांबलं होतं. अटका चालू, निकाल बंद. पुढे कोर्टं पूर्ववत झाल्यावर २०२३ च्या आकड्यांत गर्दी १२१ टक्क्यांच्या आसपास उतरली, तरी कच्च्या कैद्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वरच राहिलं.

आत येणारे कमी करता येतील का

बऱ्याच प्रमाणात येतील, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटक का गरजेची आहे ते लिहून ठेवावं, नाहीतर नोटीस देऊन चौकशीला बोलवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. अटक झाली की ‘कारवाई झाली’ असं दिसतं. नोटीस दिली तर पोलिसांनी पैसे खाल्ले असं गाव म्हणतं. अटकेची ही हौस फक्त पोलिसांची नाही, आपलीही आहे.

दुसरा मुद्दा कायदे करणाऱ्यांचा. बिहारने २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी आणली आणि दारू पिणाऱ्यालाही तुरुंगात घालायची तरतूद केली. हेतू काहीही असो, पाटण्याच्या उच्च न्यायालयात जामीन अर्जांचे ढीग लागले. तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये दूरदृष्टीविना केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून याच कायद्याचा जाहीर उल्लेख केला. २०२२ मध्ये बिहारला कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडायची मुभा द्यावी लागली.

रस्ता बांधताना अंदाजपत्रक मांडतात, धरण बांधताना मांडतात. नवा गुन्हा ठरवताना किंवा शिक्षा वाढवताना मात्र ‘याने तुरुंगात किती माणसं वाढतील, किती काळ राहतील, खर्च किती’ हा हिशेब विधिमंडळात मांडायची आपल्याकडे पद्धत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांमध्ये ती आहे. गर्दीवरच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

केंद्राने २०२३ मध्ये जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या, त्याचाही इथे दाखला दिला जातो. पण त्या बहुतांशी व्यापारउदिमाशी संबंधित होत्या. त्या गुन्ह्यांसाठी बराकीत फारसं कुणी नव्हतंच, त्यामुळे त्याने बराकी रिकाम्या होणार नाहीत.

मुक्काम लांबतो तो कुठे

इथे खरी गोम आहे. कच्च्या कैद्याचं आयुष्य तारखेवर चालतं. तारखेला साक्षीदार येत नाही, सरकारी वकील बदललेला असतो, प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसतो. कधी कैद्यालाच कोर्टात नेलं जात नाही, कारण बंदोबस्ताला पोलीस मिळाले नाहीत. व्हिडिओवरून हजेरी लागते, पुढची तारीख पडते. विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत. मंजूर पदं सगळी धरली तरी आज तो आकडा एकवीसच्या आसपास आहे.

कलम ४७९ या लांबलेल्या मुक्कामावर मर्यादा घालू पाहतं. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या अर्धा काळ माणसाने आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावं. तो पूर्वी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल, तर एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे. म्हणजे पूर्वी शिक्षा न झालेला माणूस एका वर्षाने, बाकीचे दीड वर्षाने. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. मुदत भरली की तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून कोर्टात अर्ज करायचा आहे. ही नवी आणि चांगली भर.

अर्ध्या मुदतीचा नियम मात्र जुनाच. तो २००६ पासून जुन्या संहितेत होता आणि त्याच काळात कच्चे कैदी वाढत गेले. मग नव्या कलमाने काय होईल? थोडंफार होईल, पण मथळ्यांएवढं नाही. कारण याच कलमात एक पोटकलम आहे: एकाहून जास्त गुन्ह्यांचा किंवा खटल्यांचा तपास वा सुनावणी बाकी असेल, तर सुटका नाही. वाचायला हे रास्त वाटतं, सराईत गुन्हेगार सुटू नये म्हणून. पण एकाच एफआयआरमध्ये चार-पाच कलमं लावणं ही आपल्याकडची रीतच आहे. शब्दशः अर्थ लावला तर बहुतेक कैदी या दारातून बाहेर पडूच शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कमाल शिक्षा क्वचितच दिली जाते. ज्या चोराला कोर्टाने शेवटी सहा महिने दिले असते, त्याला हे कलम वर्षाने सोडतं. म्हणून कित्येक जण वेगळाच मार्ग धरतात. गुन्हा केलेला असो वा नसो, कबूल करून टाकतात. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तेव्हा ‘भोगली तेवढीच शिक्षा’ पदरात पडते आणि माणूस त्याच संध्याकाळी घरी जातो, जन्मभराचा शिक्का घेऊन.

मकोका (संघटित गुन्हेगारीचा कायदा), यूएपीए (दहशतवादी आणि बेकायदा कारवायांचा कायदा), अमली पदार्थांचा कायदा, पैशांच्या अफरातफरीचा कायदा यांची गोष्ट निराळी. तिथे कोर्टाला ‘आरोपी निर्दोष वाटतो’ असं जवळजवळ खटल्याआधीच म्हणावं लागतं, तेव्हा कुठे जामीन मिळतो. खटला मात्र इतर खटल्यांइतकाच रेंगाळतो. खटला लवकर संपण्याची शक्यताच नसेल तर घटनेतला स्वातंत्र्याचा हक्क या अटींच्या वर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब खटल्यात म्हटलं. पण त्याचा आधार घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जायची ऐपत लागते.

जामीन झाला, तरी माणूस आतच

१९७८ चा मोतीराम खटला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायला सांगितलं. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळी दहा हजार ही गवंड्यासाठी भलतीच रक्कम. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्यालाही नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी भरपूर सुनावलं आणि त्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायचा आदेश दिला. जातमुचलका म्हणजे ‘मी तारखांना हजर राहीन, न राहिलो तर एवढी रक्कम भरेन’ अशी स्वतःची लेखी हमी. तिला दुसरं कुणी जामीन लागत नाही.

त्यानंतर पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटला झाला. बिहारच्या तुरुंगांत असे लोक निघाले, ज्यांच्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा आहे त्याहून जास्त काळ ते खटल्याविना आत होते. खटला लवकर चालणं हा मूलभूत हक्क ठरला, आणि पुढे हजारो कैदी सुटले. या दोन निकालांना आता चार दशकांहून जास्त काळ लोटला.

आज काय चित्र आहे? कोर्ट पंचवीस हजारांचा जामीन मंजूर करतं. मग जामीनदार शोधा. त्याचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप, नाहीतर सातबारा. त्यावर तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे सॉल्व्हन्सी म्हणतात. नांदेडहून किंवा झारखंडहून मुंबईत बिगारीला आलेल्या माणसाने मुंबईतला मालमत्तावाला जामीनदार कुठून आणायचा? त्याला ओळखणारे सगळे त्याच्यासारखेच. मग कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे ‘व्यावसायिक’ भेटतात. तेही परवडले नाहीत तर माणूस जामीन मंजूर असूनही आत राहतो.

२६ नोव्हेंबर २०२२ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी संविधान दिनाच्या भाषणात गरीब कैद्यांचा विषय न्यायाधीशांसमोरच काढला. पुढे जी माहिती गोळा झाली तिच्यात जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले सुमारे पाच हजार जण सापडले. त्यावर ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने काही साध्या, कामाच्या सूचना दिल्या. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवावं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर अट सैल करता येईल का ते कोर्टाने स्वतःहून पाहावं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, असंही त्यात नोंदवलं.

याच सुमारास केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. २०२३ च्या मूळ नियमांनुसार जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला २५ हजारांपर्यंत मदत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या समितीमार्फत. योजना चांगली आहे. पण माझ्या मते ती उलट्या टोकाने सुरू होते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून पैसे मागायचे, मग ते सरकारने सरकारलाच भरायचे, आणि मधे चार कचेऱ्यांच्या सह्या. त्यापेक्षा जातमुचलक्यावर सोडणं एका ओळीत होतं.

‘सोडलं आणि पळून गेले तर?’

हा आक्षेप खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. काही जण पळतात, काही साक्षीदारांना धमकावतात. तसा धोका दिसत असेल तर माणसाला आत ठेवायचा पूर्ण अधिकार कोर्टाकडे आहे आणि तो राहायलाच हवा. मुद्दा इतकाच की आपण तो धोका ज्या फूटपट्टीने मोजतो ती चुकीची आहे. भावाच्या नावावर घर आहे की नाही यावरून माणूस पळेल की नाही ते कळत नाही. पैसेवाला पासपोर्ट घेऊन देश सोडू शकतो. बिगारी बहुतेक वेळा त्याच झोपडीत सापडतो. माणसाचं कुटुंब कुठे आहे, काम काय आहे, आधीच्या तारखांना आला होता का, हे पाहून ठरवावं. त्यासाठी चौकशी करणारा माणूस कोर्टाला हवा, आणि तो आपण दिलेला नाही.

घोट्याला बांधायचा जीपीएस पट्टा हाही पर्याय आहे. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये तो वापरला. मोजक्या, गंभीर प्रकरणांत ठीक. सरसकट मात्र नको. आरोपीने आपलं ठिकाण सतत पोलिसांना मोबाइलवर दाखवत राहावं अशी जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली, ती खासगीपणाच्या मुद्द्यावरच.

कैदी कमी केले की गुन्हे वाढतात का, याचं एक मोठं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथले तुरुंग वर्षानुवर्षं जवळपास दुप्पट भरलेले होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा आदेश कायम केला. सुमारे वर्षभरात राज्याच्या तुरुंगांतले पंचवीस हजारांच्या आसपास कैदी कमी झाले. त्यातले बरेच नुसते स्थानिक तुरुंगांत हलले हेही खरं. अभ्यासकांना त्यानंतर हिंसक गुन्ह्यांत या बदलामुळे वाढ झाल्याचं दिसलं नाही. वाहनचोऱ्या मात्र काही प्रमाणात वाढल्या. म्हणजे किंमत शून्य नव्हती, पण भीती होती त्याच्या जवळपासही नव्हती.

‘मग नवे तुरुंग का बांधत नाही?’

बांधतोच आहोत. २०१७ मध्ये देशातल्या तुरुंगांची क्षमता ३,९१,५७४ होती. पाच वर्षांत त्यात सुमारे पंचेचाळीस हजारांची भर पडली. गर्दी ११५ टक्क्यांवरून १३१ वर गेली. मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी नवी जागा हवीच, त्यात वाद नाही. माणसांना कुशीवर झोपवून सुधारणेची वाट पाहायला सांगणं क्रूर आहे. पण जागा शहराबाहेर मिळते. तुरुंग लांब गेला की कोर्टात न्यायला गाडी आणि पोलीस जास्त लागतात, हजेरी चुकते, तारीख पडते, मुक्काम वाढतो. भिंती बांधायचा पैसा मिळतो. शिपाई आणि डॉक्टरांची पदं भरायला मिळत नाही.

पीडितांचं काय

ज्याचं दुकान फोडलं गेलं, जिच्यावर हात उगारला गेला, त्यांनाही तारखाच मिळतात. आरोपी पाच वर्षं कच्चा कैदी राहिला याचा अर्थ फिर्यादीही पाच वर्षं निकालाविना राहिली. साक्षीदार विसरतात, गाव सोडून जातात, आणि मग आरोपी पुराव्याअभावी सुटतो. लवकर निकाल ही दोन्ही बाजूंची गरज आहे. नव्या संहितेने आरोप निश्चित करायला ६० दिवस आणि युक्तिवाद संपल्यावर निकालाला ३० ते ४५ दिवस अशा मुदती घातल्यात. मधला सगळ्यात लांब टप्पा, साक्षीपुराव्याचा, न्यायाधीशांची संख्या वाढल्याशिवाय आखडणार नाही.

शिक्षा झालेल्यांचं थोडक्यात

किरकोळ गुन्ह्यांना तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या कायद्यात, पहिल्यांदाच आली, उदाहरणार्थ पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा परिवीक्षा कायदा तर १९५८ पासून आहे, वापरला कमी जातो. खुल्या कारागृहांत महाराष्ट्राचा वारसा जुना आहे: औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ वसवलेल्या स्वतंत्रपूरमध्ये कैदी कुटुंबासह शेती करत राहू लागले. पण खुली कारागृहं मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी. चारांपैकी तीन कैद्यांना त्यांचा उपयोग नाही.

कुलपाची किल्ली कुणाकडे

तुरुंग खातं दार बंद ठेवतं, पण कुणाला आत घ्यायचं आणि कधी सोडायचं ते त्याच्या हातात नाही. दवाखाना ‘खाट नाही’ म्हणू शकतो, अधीक्षक कोर्टाचं वॉरंट परत पाठवू शकत नाही. आत कोण येणार ते पोलीस ठरवतात, किती काळ राहणार ते कोर्ट, सुटका अडते तहसील कचेरीत, आणि गुन्ह्यांची यादी वाढवतं विधिमंडळ. गर्दीचा जाब मात्र कारागृह विभागाला विचारला जातो. यांतल्या बहुतेकांना एका टेबलाशी आणणारी एक व्यवस्था आहे: जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची कच्च्या कैद्यांची आढावा समिती. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंग अधीक्षक तिचे सदस्य असतात. तिने किती जणांची शिफारस केली आणि त्यातले किती प्रत्यक्ष सुटले, हे जिल्हावार दर तीन महिन्यांनी जाहीर झालं तर आपल्याला नव्या तुरुंगाच्या कोनशिलेपेक्षा जास्त काही कळेल.

घरचं कुणी आत असेल तर

वकील नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. लावलेली कलमं आणि अटकेची तारीख एका कागदावर लिहा, प्रत्येक कलमाची कमाल शिक्षा वकिलाकडून विचारून घ्या, आणि एक तृतीयांश व अर्धा काळ कधी भरतो ते मांडा. तारीख जवळ आली की तुरुंग अधीक्षकांना कलम ४७९ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जामीन होऊन सात दिवस उलटले आणि माणूस सुटला नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. अट सैल करण्याचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. तो करायला मात्र महिनाभर थांबायची गरज नाही.